बर्डीच्या किल्ल्यातली पलटण

नागपूर रेल्वे स्टेशनजवळच्या टेकडीवर टेकडी गणपतीचं देऊळ आहे आणि त्याला लागून सीताबर्डीचा किल्ला. नोव्हेंबर १८१७ मध्ये आप्पासाहेब भोसल्यांची फौज इथेच इंग्रजांशी लढली. आज या किल्ल्यात ११८ इन्फंट्री बटालियन, टेरिटोरियल आर्मी, ग्रेनेडियर्स (ही पायदळातली एक रेजिमेंट) ही पलटण असते.

टेरिटोरियल आर्मी म्हणजे प्रादेशिक सेना. जवानांच्या बोलण्यात नुसती ‘टीए’. १९४८ च्या कायद्याने ती उभी राहिली, आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी तिचं उद्घाटन केलं. आपला कामधंदा सांभाळायचा, ठरलेल्या काळात वर्दी घालून सराव करायचा आणि बोलावणं आलं की हजर व्हायचं, अशी ही नोकरी.

युद्धात माणसं फक्त सीमेवरच लागतात असं नाही. पूल, रेल्वेमार्ग, दारूगोळ्याची कोठारं यांना रात्रंदिवस पहारा लागतो. नियमित पलटणी तिथेच अडकल्या, तर आघाडीवर जायचं कोणी? हा भार टीए उचलते. पूर, भूकंप अशा संकटांतही मुलकी प्रशासनाच्या मदतीला धावते. पण तिला केवळ पहारेकऱ्यांची फौज समजणं हा तिच्यावर अन्याय आहे. १९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही युद्धांत टीएच्या पलटणी होत्या, आणि काश्मीरमध्ये दहशतवाद्यांशी लढताना तिच्या जवानांनी प्राणही दिले आहेत. तिच्या रेल्वे तुकड्यांत रेल्वेचेच कर्मचारी असतात. संकटाच्या काळात गाडी चालू ठेवणारे हात ऐनवेळी शिकवून तयार होत नाहीत, म्हणून.

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान तणाव वाढला, तेव्हा केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना टीएचे अधिकारी-जवान बोलावण्याचे अधिकार दिले. ३२ पैकी १४ इन्फंट्री बटालियन तैनात करण्याची तरतूद त्या आदेशात होती.

अशा वेळी काटोलच्या संत्राबागेतला किंवा बुटीबोरीच्या कारखान्यातला माणूस निघतो, तेव्हा बाग घरच्यांवर पडते, मशीनवर दुसरा उभा राहतो. त्यांचा वाटा कुणी मोजत नाही. तो मोजायला हवा. कायद्याने मात्र एक गोष्ट पक्की केली आहे: सेवा संपवून परतलेल्या जवानाला मालकाने पुन्हा कामावर घ्यायचं, आणि तेही पूर्वीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर.