पोटखराबा

(पडद्यावर काळोख. रातकिड्यांची किर्र. मग पंखांचा मोठा, फसफसणारा आवाज.)

ऐकलात? वाफेचं इंजिन धापा टाकत डोक्यावरून गेल्यासारखं वाटतं. कोकणात बरेच जण याला गरुड म्हणतात. हा धनेश.

समोर बेहडा आहे. बुंधा एका माणसाच्या कवेत मावत नाही. वर, मान दुखेल इतक्या उंचीवर, एक ढोली. तिचं तोंड लिंपून घेतलेलं, मध्ये फक्त चोच जाईल एवढी फट. आत मादी बसली आहे. अंडी घालायच्या वेळी ती स्वतःला कोंडून घेते आणि नर बाहेरून वडा-उंबराची फळं आणून त्या फटीतून भरवत राहतो. अशी ढोली जुन्या, जाणत्या झाडालाच पडते. पाच वर्षांपूर्वी खड्डा खणून लावलेल्या रोपाला नाही.

ही देवराई आहे. इथली वाळकी काटकीही देवाला कौल लावल्याशिवाय उचलायची नाही, हा गावाचा जुना दंडक. अशा देवराया महाराष्ट्रात अडीच हजारांहून अधिक नोंदल्या गेल्या आहेत. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वर्तक यांनी १९७०च्या दशकात त्यांचा अभ्यास केला, तेव्हा कुठे शहरातल्या लोकांना त्या माहीत झाल्या.

(सातबाऱ्याचा कागद, जवळून.)

आता हा कागद बघा. अशा एखाद्या जागेचा सातबारा काढला, तर त्यावर वन हा शब्द असेलच असं नाही. कुठे देवाचं नाव असतं, कुठे गावकऱ्यांचं सामाईक, कुठे सरकारचं. आणि क्षेत्राच्या रकान्यात पोटखराबा. म्हणजे पीक घेता येत नाही अशी जमीन. बेहडा, सातवीण, गारंबीचे वेल, धनेशाचं बाळंतपण, सगळं त्या एका शब्दात बसवलेलं.

इतकी वर्षं या शब्दाने फारसं बिघडलं नव्हतं. वन संवर्धन कायदा १९८० सालचा. जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर केंद्राची परवानगी हवी, हे त्याचं सार. आणि १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात सांगितलं, की शब्दकोशातल्या अर्थाने जे जंगल, ते जंगल. मालक कोण, सातबारा काय म्हणतो, हा प्रश्न नंतरचा.

२०२३च्या दुरुस्तीने हे उलटं केलं. आता कायदा लागू होणार तो वन म्हणून अधिसूचित झालेल्या जमिनीला, किंवा २५ ऑक्टोबर १९८० रोजी वा त्यानंतर सरकारी दप्तरात वन म्हणून नोंद असलेल्या जमिनीला. विधेयक संसदेच्या ३१ जणांच्या संयुक्त समितीकडे गेलं, विरोधी सदस्यांनी मतभेदाची टिपणं जोडली आणि ते होतं तसंच परत आलं. २ ऑगस्टला राज्यसभेत मंजूर, १ डिसेंबरपासून लागू.

सरकारचं म्हणणं असं, की १९९६च्या निकालामुळे लोक खासगी जमिनीवर झाडं लावायला घाबरतात. उद्या जंगल ठरलं तर? ही भीती अगदीच खोटी नाही. कोकणातल्या कुठल्याही बागायतदाराला विचारा. पण लावलेल्या झाडांना सूट देण्यासाठी आपोआप वाढलेलं जंगल वाऱ्यावर सोडायची गरज नव्हती.

आणि सवलती तेवढ्यावर थांबत नाहीत. आंतरराष्ट्रीय सीमेपासून १०० किलोमीटरच्या आत, सामरिक महत्त्वाच्या रस्त्यांना आणि तत्सम प्रकल्पांना परवानगी नको. ईशान्य भारताचा नकाशा काढून त्यावर ही पट्टी आखून बघा, काय उरतं ते. मिझोरामच्या विधानसभेने या दुरुस्तीविरुद्ध ठराव केला तो उगाच नाही. नक्षलग्रस्त म्हणून अधिसूचित भागात संरक्षणाच्या आणि लोकोपयोगी कामांसाठी पाच हेक्टरपर्यंत सूट. गडचिरोलीकरांनी हे कलम नीट वाचावं. सरकारी सफारी आणि प्राणिसंग्रहालयंही अभयारण्याबाहेरच्या जंगलात चालतील.

निवृत्त वनाधिकारी न्यायालयात गेले. ज्यांनी आयुष्यभर हाच कायदा राबवला, त्यांनीच त्याच्या दुरुस्तीला आव्हान द्यावं, यातच बरंच काही आलं. १९ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला: राज्यांच्या नोंदी पूर्ण होईपर्यंत १९९६चाच अर्थ धरा, आणि सफारीसाठी आमची परवानगी घ्या.

मेख नोंदींतच आहे. अशा जंगलांच्या याद्या करायला १९९६ सालीच सांगितलं होतं. ते काम नीट झालं असतं, तर आज हा कागद दाखवायची वेळ आली नसती.

(देवळाचा नवा सिमेंटचा कळस. शेजारी तोडलेले बुंधे.)

हेही दाखवायला हवं. कौलारू देऊळ पाडून स्लॅबचं बांधायला पैसे हवेत, म्हणून देवराईतली झाडं विकलेली गावंही आहेत. कौल तेव्हाही लावलाच होता म्हणतात. म्हणून तर गावाच्या श्रद्धेवर सगळं सोडता येत नाही, वर कायदा लागतो.

डिसेंबर २०२४मध्ये राजस्थानातल्या ओरणांच्या, म्हणजे तिथल्या देवरायांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यांची जागेवर जाऊन मोजणी करून वन म्हणून नोंद करायला सांगितलं. देशभरातल्या देवरायांसाठी केंद्राने धोरण आखावं, असंही सुचवलं. कोकणात ही मोजणी व्हायची तर तलाठी, वनरक्षक आणि गावातला एखादा म्हातारा, तिघांना एकदम या उतारावर चढावं लागेल. हद्द त्या म्हाताऱ्याला पाठ असते. अमुक काजऱ्यापासून तमुक पाषाणापर्यंत.

(बेहडा. नर फांदीवर उतरतो, गळ्यातून एक उंबर वर काढतो, फटीत ठेवतो. मग दुसरं.)