नावाजलेल्या माणसाला कोच कशाला?

मंडळी, अतुल गावंडे हे नाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. बॉस्टनचे सर्जन, वडील उमरखेडकडचे, म्हणजे आपल्या यवतमाळचे. शस्त्रक्रिया करायला लागून आठ वर्षं झाली, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की इतकी वर्षं सुधारत गेलेलं आपलं काम आता जागच्या जागी थबकलंय. मग त्यांनी काय केलं? ज्यांच्या हाताखाली शिकले, त्या निवृत्त सर्जनना, रॉबर्ट ऑस्टीन यांना, ऑपरेशन थिएटरमध्ये बोलावलं. करायचं काही नाही, नुसतं बघायचं.

थायरॉइडचं ऑपरेशन होतं. गावंडेंच्या मते झकास पार पडलं. ऑस्टीन यांच्या वहीत मात्र बरंच काही. रुग्णावर कापड असं टाकलं होतं की गावंडेंना स्वतःला ऐसपैस जागा आणि समोरच्या सहायकाची कुचंबणा. उजवं कोपर मधूनच खांद्याच्या उंचीला जात होतं. हात असा अधांतरी असताना बारीक काम कसं साधणार? आणि दिवा! तो जखमेवरून सरकला होता. जवळजवळ अर्धा तास ते आजूबाजूच्या उजेडावर काम करत होते आणि त्यांना पत्ताच नव्हता. हे सगळं २०११ साली त्यांनीच लिहिलंय.

आज ज्याला आपण प्रोफेशनल कोचिंग म्हणतो, ते बरंचसं टेनिसच्या मैदानावरून आलं. टेनिस शिकवणारे टिमथी गॅलवे खेळाडूला ‘चेंडूकडे बघ’ असं ओरडून सांगत नसत. चेंडू टप्पा घेईल तेव्हा ‘टप्पा’ म्हण, रॅकेटला लागेल तेव्हा ‘फटका’ म्हण, एवढंच. नजर आपोआप चेंडूवर राही. १९७४ साली त्यांचं पुस्तक आलं आणि हीच रीत पुढे ऑफिसांत शिरली: सल्ला कमी, प्रश्न जास्त.

इथे माझा थोडा मतभेद आहे. नुसते प्रश्न विचारणारे कोच हल्ली फार झालेत. तुम्हाला काम करताना ज्यानं पाहिलंच नाही, तो विचारणार तरी काय? समजा, चाकणच्या कारखान्यात कुणी नवीन मॅनेजर झालाय. तो म्हणणार, माझी माणसं बोलतच नाहीत. कोच मीटिंगमध्ये मागे बसला, तर त्याला दिसेल की साहेब प्रश्न विचारतात आणि दोन सेकंदांत उत्तरही स्वतःच देतात. आता त्याला विचारा, ‘तुम्ही किती वेळ थांबलात?’ हा प्रश्न कामाचा.

कोच म्हणवून घ्यायला आपल्याकडे परवाना लागत नाही. १९९५ साली स्थापन झालेली इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन प्रमाणपत्र देते. पहिल्या पायरीलाच १०० तासांचा अनुभव मागते. तेवढं तरी विचारून घ्या. आणि फी कंपनी भरणार असेल, तर तुम्ही बोललेलं साहेबांपर्यंत किती जाणार, हे पहिल्या भेटीआधी लेखी घ्या.