सात गावं आणि एक दप्तर

(सकाळ. खंडेराव मार्केटचा दर्शनी भाग. रिक्षा, सायकली, फुलांच्या टोपल्या.)

बडोद्यात कुणालाही विचारा, महापालिकेची कचेरी कुठं आहे? उत्तर येतं, "खंडेराव मार्केट." बाहेरगावचा माणूस बुचकळ्यात पडतो. कचेरी म्हणायची की मंडई? दोन्ही. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये ही इमारत बांधली, आपल्या कारभाराला २५ वर्षं झाली म्हणून, आणि तिला नाव दिलं खंडेराव महाराजांचं. पुढं शहराचा कारभार, मागच्या अंगाला भाजी आणि फुलं. शेत आणि कचेरी इथं पाठीला पाठ लावून बसलेली आहेत.

जून २०२० मध्ये या कचेरीचं अंगण एकदम मोठं झालं. राज्य सरकारची अधिसूचना निघाली आणि सात गावं शहरात आली. सेवासी, भायली, बिल, वेमाली, करोडिया, उंडेरा, वडदला. त्याच वेळी अहमदाबाद, सुरत आणि राजकोटचीही हद्द वाढली.

(ड्रोनमधून भायली. उंच इमारती, मध्येच एरंडाचं शेत.)

खरं तर शहर अधिसूचनेची वाट बघत थांबलं नव्हतं. दांडिया बाजार, बाबाजीपुरा, रावपुरा इथल्या वाड्यांमधून मराठी घरं हळूहळू बाहेर पडत होती. जिना चढवेना, मोटार लावायला जागा नाही, वाटण्या झाल्या. कुणी मांजलपूरला गेलं, कुणी गोत्रीला, आणि मागाहून कुणी वासणा-भायली रस्त्यावर. फ्लॅट पंचायतीच्या हद्दीत, शाळा आणि दवाखाना शहरात. अशा माणसाला हद्दवाढ हवीच होती. त्याला नळाला पाणी हवं होतं, ड्रेनेजची लाइन हवी होती.

पण गावातलं घर वेगळं बोलत होतं. काही गावांतून विरोध झाला, आणि तो समजून घ्यायला हवा. पंचायतीचा वेरा, म्हणजे घरपट्टी, कमी असतो. महापालिका चटईक्षेत्र मोजते, बांधकामाचं वय बघते, वापर बघते, परिसर बघते, आणि मग आकडा काढते. शिवाय सरपंच जातो. तो रोज ओट्यावर भेटणारा माणूस. बडोद्यात १९ वॉर्ड आणि ७६ नगरसेवक. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती साडेसोळा लाखांच्या वर होती. भागाकार केला तर एका नगरसेवकामागं सुमारे २२ हजार माणसं. पंचायतीच्या सदस्याला अख्खी गल्ली नावानिशी माहीत असते. या बदलात गाव काहीतरी गमावतं, हे मान्य करूनच पुढं बोललं पाहिजे. या मुलखात ग्रामपंचायतींना कायद्याचा आकार देणारे सयाजीरावच होते. त्यांच्या शहरात पंचायत विसर्जित होते तेव्हा निदान तिचं दप्तर तरी मानानं आत यायला हवं.

(कोठी कचेरी. कापडात बांधलेले गठ्ठे.)

दप्तर या शब्दाला बडोद्यात वजन आहे. गायकवाडी कारभाराचे जुने कागद मोडीत लिहिलेले, गठ्ठे करून कापडात बांधलेले. त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणत. कुठल्या रुमालात काय आहे, त्याची यादी वेगळी. पुढं १९३१ मध्ये संस्थानानं राज्यकारभारातल्या शब्दांचा बहुभाषी कोश छापला. एका कचेरीचा शब्द दुसऱ्या कचेरीला कळला पाहिजे, एवढी साधी काळजी त्यामागं होती. आज आपण ज्याला डेटा जुळवणं म्हणतो, ते काम हेच.

आता त्या सात गावांचं बघा. तिथं कोरी पाटी नव्हती. ई-ग्राम योजनेतून गुजरातच्या पंचायतींमध्ये कॉम्प्युटर आधीच पोचले होते. ७/१२ चा उतारा, जन्म-मृत्यूचा दाखला गावातच मिळत होता. एका बाजूला पंचायतीचं आकारणी रजिस्टर, दुसऱ्या बाजूला महसूल खात्याचे सर्व्हे नंबर, आणि तिसरीकडं महापालिकेची प्रणाली, जी घराला वॉर्ड आणि मिळकत क्रमांकानं ओळखते. या तिन्हींतलं घर एकच असतं. पण रजिस्टरात ते आजोबांच्या नावावर असतं, पत्ता म्हणून नुसतं फळियाचं, म्हणजे गल्ली-मोहल्ल्याचं, नाव असतं, आणि कॉम्प्युटरच्या रकान्यात फळियाला जागाच नसते.

माझा जीव इथं अडकतो. नवे कॉम्प्युटर येतील, सर्व्हर येईल, खिडकीवरची रांग मोबाइलवर जाईल. याचं स्वागतच आहे. रजा टाकून वेरा भरायला गेलेल्या माणसाला त्याची किंमत विचारा. पण मशीन तेवढंच लक्षात ठेवतं, जेवढ्याला आपण रकाना ठेवतो.

(पावसाळी आभाळ. विश्वामित्रीचा पूल. मग एक अरुंद ओहोळ.)

आणि एक गोष्ट रकान्यात आलीच पाहिजे. बडोद्याची माणसं तिला कांस म्हणतात. पावसाचं पाणी नेणारा नैसर्गिक ओहोळ. भूखी कांस, रूपारेल कांस, मसिया कांस. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी ३७ फुटांच्या वर गेली, तेव्हा घराघरांत पाणी शिरलं आणि ही नावं पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आली. गावाला आपली कांस माहीत असते. कुठल्या शेताच्या कडेनं पाणी जातं, कुठं तळं भरलं की वळतं, हे म्हातारी माणसं बोट दाखवून सांगतात.

हद्दवाढीमागून टीपी स्कीम, म्हणजे नगररचना योजना, येते. शेतकऱ्याचा मूळ प्लॉट घ्यायचा, त्यातून रस्ते, बागा, शाळा यांच्यासाठी भाग कापायचा आणि उरलेला नीट आकाराचा फायनल प्लॉट परत द्यायचा. कायद्यात रस्त्यांसाठी १५ टक्के आणि बागा-मैदानांसाठी ५ टक्के जमीन धरलेली आहे. पद्धत चांगली आहे. जमीन हिसकावली जात नाही, मालक मालकच राहतो. पण नकाशावर चौकोन आखताना वाकडी कांस अडचणीची वाटते. ती सरळ केली, पाइपात घातली किंवा नुसती विसरली, तर पाणी तिच्या जुन्या वाटेनं येतंच. त्या वाटेवर तोवर कुणाचं तरी स्वयंपाकघर उभं असतं.

(सेवासीची वाव. पायऱ्या, खाली अंधार.)

सेवासीत सुलतानी काळातली एक वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, आहे. विद्याधर वाव. मजल्यामागून मजला खाली उतरत जाणारी. शहराला पाणी मिळावं म्हणून १८९० च्या दशकात आजवा सरोवर झालं, पुढं महीच्या पात्रात फाजलपूर, रायका, दोडका, पोइचा इथं नदीच्या वाळूतून पाणी ओढणाऱ्या फ्रेंच विहिरी आल्या. वाव मात्र या सगळ्यांच्या आधीपासून सेवासीचं पाणी सांभाळून होती. तिची नोंद फक्त पुराण वास्तू म्हणून करून भागणार नाही. तिच्याभोवतीचा उतार, तिच्याकडं येणारं पाणी, तेही नकाशात यायला हवं.

माझं मागणं छोटं आहे. या सात गावांसाठी जी वॉर्ड कचेरी असेल, तिथं पंचायतीचं जुनं रजिस्टर पानापानानं स्कॅन होऊन ठेवलेलं असावं. भिंतीवर गावाचा जुना नकाशा असावा, त्यावर कांस निळ्या रेघेनं दाखवलेली. आणि अर्जात पत्त्याच्या शेवटी एक ओळ जास्त असावी, फळियासाठी.

(खंडेराव मार्केटची मागची बाजू. संध्याकाळ. झेंडूचा ढीग, तराजू, पाणी शिंपडणारा हात.)