पोटरीला झोपू देऊ नका

श्रोतेहो, नमस्कार.

विमान 35 हजार फुटांवर उडत असलं, तरी आपल्या शरीराला मात्र 6 ते 8 हजार फुटांच्या डोंगरावर बसल्यासारखं वाटत असतं, कारण आतल्या हवेचा दाब तेवढाच ठेवलेला असतो. त्या दाबाला पोटातला वायू पाव हिश्शाने किंवा थोडा जास्तच फुगतो आणि पट्टा काचू लागतो. म्हणून कपडे सैल घाला, जेवण हलकं घ्या. हवेत दमटपणाही जेमतेम 10-20 टक्के. घसा सुकतो, डोळे चुरचुरतात. कॉन्टॅक्ट लेन्स काढून चष्मा लावलेला बरा. पाणी थोडं थोडं पीत राहा. सारखं उठावं लागतं ही तक्रार करू नका, उठणं हवंच आहे!

कारण खरा प्रश्न पायांचा. पायातलं रक्त वर चढवतात ते पोटरीचे स्नायू. ते आकसले की शिरा पिळल्या जातात आणि शिरांमधल्या झडपा रक्त पुन्हा खाली येऊ देत नाहीत. तासन्‌तास बसून राहिलं की हा पंप थंडावतो, त्यात सीटची कड गुडघ्यामागे रुतते. 4 तासांहून लांबच्या प्रवासात पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो तो यामुळे. खिडकीची जागा घेणारे तर शेजाऱ्याला उठवायच्या संकोचाने हलतच नाहीत.

आत्ता खुर्चीत बसला असाल तर करूनच बघा. टाच टेकवून चवडा वर ओढा. आता चवडा टेकवून टाच उचला. पोटरी घट्ट झालेली हाताला लागली पाहिजे. अर्ध्या तासाने एकदा, वीसेक वेळा. पुढच्या सीटखाली बॅग कोंबलीत तर पाय हलवायला जागाच उरत नाही, हे लक्षात ठेवा.

पूर्वी गुठळी झालेली असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल किंवा दिवस गेले असतील, तर घट्ट मोज्यांबद्दल डॉक्टरांना आधी विचारा. हे मोजे गुडघ्याखालपर्यंतचे, मापाचे हवेत आणि पाय सुजण्याआधी, घरूनच घालून निघायचे. वरची कड दुमडली की तीच दोरीसारखी आवळते आणि फायद्याऐवजी तोटा होतो. मनानेच ॲस्पिरिन घेऊ नका. झोपेची गोळी तर नकोच. माणूस वेडावाकडा पडून राहतो, पाय हलत नाहीत.

विमान उतरू लागलं की कानांना दडे बसतात. तेव्हा जागं असावं, झोपेत गिळणं कमी होतं. आवंढा गिळा, जांभई द्या. दडे नाही सुटले तर नाक चिमटीत धरून, तोंड मिटून नाकाकडे अगदी हळू हवा ढकला. जोर लावलात तर पडद्याला इजा होऊ शकते. तान्ह्या बाळाला त्या वेळी पाजावं.

उतरल्यावर दोन्ही पाय सारखेच सुजले असतील तर सहसा एक-दोन दिवसांत उतरतात. एकच पोटरी सुजली, दुखू लागली, गरम लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आणि एकाएकी धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर थेट हॉस्पिटल. गुठळीचा हा त्रास प्रवासानंतर दोन आठवड्यांनीही होऊ शकतो, तेव्हा डॉक्टरांना विमानप्रवासाचं आठवणीने सांगा.