ओळंबा : माण ते डेल्फ्ट

(दृश्य : बोडका डोंगर, सकाळची उन्हं. टिकाव-खोरी घेऊन चढणारी मुलं.)

सातारा जिल्हाच आहे हा. पण कासच्या फुलांचा नव्हे. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्यात, इकडं माण तालुक्यात पाचशे झाला तरी साल बरं गेलं म्हणतात.

ही मुलं साताऱ्याच्या एका महाविद्यालयातली. राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं निवासी शिबिर. पुढं बांबूची चौकट खांद्यावर घेऊन निघालेली मुलगी जावळीची, म्हणजे धो धो पावसातली. भूगोलाच्या दुसऱ्या वर्षाला.

(दृश्य : बिल्ला, जवळून.)

कोणार्कच्या रथाचं चाक. आठ आरे, आठ प्रहर. ही योजना सुरू झाली २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांमधून. दोन वर्षांत २४० तास काम करायचं. बाहेर याला 'घमेली उचलायचा कॅम्प' म्हणतात, घरी 'अभ्यास सोडून हे काय' म्हणतात. घमेलं उचलायच्या आधी काय चालतं, ते मात्र कुणी बघत नाही. ते बघा.

(दृश्य : चौकट, सुतळी, दगड.)

दोन बांबू शेंड्याला बांधायचे, मध्ये एक आडवा. शेंड्यातून सुतळीला दगड लटकवला की झाला ओळंबा. हिला ए-फ्रेम म्हणतात. आधी तिची खूण पाडावी लागते. दोन्ही पाय टेकवून सुतळी आडव्या बांबूला जिथं लागेल तिथं रेघ मारायची. मग चौकट उलटी फिरवायची : डावा पाय उजव्याच्या जागी, उजवा डाव्याच्या. आता सुतळी दुसरीकडे लागते. तिथं दुसरी रेघ. दोन्ही रेघांच्या बरोबर मधली खूण म्हणजे समपातळी. जमीन कितीही वाकडी असू दे, ही खूण चुकत नाही.

दगड डुलायचा थांबेपर्यंत ती कुणाला बोलू देत नाही, बघा.

एक पाय रोवायचा, दुसरा वर-खाली सरकवत सुतळी खुणेवर आणायची, तिथं फक्की टाकायची. मग पुढचं पाऊल. पांढरी रेघ डोंगराला वळसे घेत निघते.

(दृश्य : बांधावर बसलेल्या आजी.)

"पोरी, सरळ का मारत न्हाईस चर? वाकडंतिकडं कशापायी?"
"आजी, सरळ मारला तर पाणी पळंल उताराला. ह्येच्यात ते बसून ऱ्हातंय."

चर ६० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल. निघालेली माती उताराच्या अंगाला. हाताला आलेले फोड दिसतातच.

युवा महोत्सवातलं पथनाट्य, वक्तृत्वाच्या ढाली, गडांच्या वाऱ्या, हेही तिनं सगळं केलं. त्याचं चित्रीकरण आमच्या हाती लागलं नाही.

(दृश्य : सायकली, कालवा, पवनचक्क्या. मोबाइलचं चित्रीकरण.)

हे नेदरलँड्स. चित्रं तिनंच घेतलेली, म्हणून जरा हलतात. डेल्फ्टमधली आयएचई ही संस्था १९५७ पासून जगभरच्या विद्यार्थ्यांना पाण्याचं शास्त्र शिकवते. तिथल्या अर्जासोबत तिनं माणच्या चरांचे नकाशे जोडले होते. शिष्यवृत्ती, व्हिसा, बँकेचे हेलपाटे, सगळं याच एका वाक्यात उरकतो. रांगेत कॅमेरा नव्हता.

माणमध्ये पाणी अडवायला शिकली, इथं पाणी बाहेर काढायला शिकतेय. या देशाची सुमारे चौथाई जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. किंडरडाइकच्या या १९ पवनचक्क्या, बहुतेक १७४० च्या आसपासच्या, खोलगट रानातलं पाणी उपसून वर टाकायच्या. आता ते काम पंप करतात. देखरेख पाणी मंडळांची. अशी मंडळं तेराव्या शतकापासून आहेत, सध्या २१. त्यांचा कर वेगळा, निवडणूक वेगळी, दर चार वर्षांनी.

"पाण्याची ग्रामपंचायतच म्हण की," तिनं आईला फोनवर सांगितलं.
"बरं. जेवायला काय मिळतंय?" आईनं विचारलं.

(दृश्य : हिरवळ, झाडूचे दांडे, हसणारे विद्यार्थी.)

वर्गात पातळी मोजायला लेसरची यंत्रं. वर्गाबाहेर तिनं झाडूच्या तीन दांड्यांची चौकट बांधून दाखवली. उजवीकडचा, जोरात हसणारा मित्र केनियाचा. तो म्हणाला, ही आमच्या डोंगरांवरही चालते. मग सुतळीची गाठ त्यानंच मारली, आणि तिच्यापेक्षा चांगली मारली.

(दृश्य : पुन्हा माण. गाळानं भरलेला चर.)

पदवी मिळाली, आता ती पुण्यात भूजलाचं काम करते. तिच्या तुकडीचे निम्मे चर गाळानं बुजलेत. ते उकरायला या हिवाळ्यात महाविद्यालयाची नवी तुकडी जाणार आहे. ए-फ्रेम शिकवायला ती दोन दिवस येतेय, नावनोंदणी सुरू आहे.