बोलू न शकणाऱ्या मुलांच्या वर्गातला कॅमेरा

(दृश्य: सकाळ, गंगापूर रोड. व्हॅन थांबते, मावशी एकेका मुलाचा हात धरून खाली उतरवतायत.)

नाशिकला विशेष मुलांच्या शाळा काही आजच्या नाहीत. रजनीताई लिमयेंनी प्रबोधिनी ट्रस्टचं काम 1977 ला सुरू केलं, आणि तो काळ असा होता की पाहुणे आले की अशा मुलाला आतल्या खोलीत बसवायचे लोक. आता शहरात शाळा आहेत, थेरपी सेंटर आहेत, आणि गेटवर, जिन्यात, पॅसेजमध्ये कॅमेरेही दिसतात. पण वर्गात कॅमेरा म्हटलं की लगेच दोन गट पडतात.

(दृश्य: सातपूर, एका घरातलं स्वयंपाकघर. आईचा फक्त आवाज, चेहरा नाही.)

ह्या आईचा मुलगा नऊ वर्षांचा, ऑटिझम आहे, बोलत नाही. एकदा आंघोळ घालताना तिला त्याच्या दंडावर काळंनिळं दिसलं. शाळेत विचारलं तर म्हणे बाकावरून पडला, आता पडलाही असेल, मुलं पडतातच, पण तिला बघायचं होतं. तर आधी सर रजेवर, मग अर्ज द्या, मग मीटिंगमध्ये ठेवू, आणि हे सगळं होईपर्यंत डीव्हीआरची, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या मशीनची, डिस्क भरली आणि जुन्या रेकॉर्डिंगवर नवीन चढलं. ही मशीन चालतेच तशी, डिस्क भरली की सगळ्यात जुना दिवस आपोआप पुसला जातो. कॅमेरा होता, चालूही होता, आणि तरी तिला आजपर्यंत कळलं नाही की त्या दिवशी काय झालं.

दुसरं मूल घरी येऊन सांगतं, आई, टीचरने मारलं. हा सांगू शकत नाही. कॅमेरा हवा तो ह्याच्यासाठी, आणि म्हणूनच फुटेज किती दिवस ठेवायचं हे कॅमेरा बसवणाऱ्याच्या मर्जीवर असून चालणार नाही.

अमेरिकेत टेक्सास राज्याने यावर 2015 मध्येच कायदा केला. विशेष मुलांच्या स्वतंत्र वर्गात आईवडिलांनी मागणी केली की शाळेने कॅमेरा बसवायचा, आवाजासकट, फुटेज किमान तीन महिने (सुरुवातीला सहा) ठेवायचं, बाथरूम आणि कपडे बदलायच्या जागेचं चित्र घ्यायचं नाही, आणि शिक्षकांचं काम जोखायला ते वापरायचं नाही. वेस्ट व्हर्जिनियात तर 2018 ला एका आईने मुलीच्या केसांत छोटा रेकॉर्डर लपवून तिला शाळेत पाठवलं, आणि त्यात मोठ्या माणसांचं जे बोलणं सापडलं ते ऐकवत नाही. पुढच्याच वर्षी तिथे अशा वर्गांसाठी कॅमेऱ्याचा कायदा झाला.

आपल्याकडे बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्यानंतर, ऑगस्ट 2024 ला, शासन निर्णय आला की शाळांनी महिन्याभरात सीसीटीव्ही बसवावेत आणि मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीनदा फुटेज तपासावं. चांगलंच आहे. पण न बोलणाऱ्या मुलाच्या आईला ते कसं बघायला मिळेल हे ठरवायला हवं, आणि ते दर शाळेत वेगवेगळं असून उपयोग नाही.

(दृश्य: रिकामा वर्ग, शहाबादी फरशी, लॅपटॉपवर एक क्लिप.)

आता टीचरची बाजू, आणि ही मला फार महत्त्वाची वाटते. एका वर्गात एक मुलगा रोज मधल्या सुट्टीआधी कान दाबून डोकं आपटायचा. स्पेशल एज्युकेटर अशा वेळी लिहून ठेवतात की आधी काय झालं, मग मुलाने काय केलं, मग पुढे काय झालं, पण एकटी टीचर मुलाला सावरणार की वहीत लिहिणार? शेवटी पालकांना विचारून काही दिवस रेकॉर्ड केलं, आणि हळूहळू मागे नेत बघितलं तर दिसलं की शेजारच्या वर्गात बाक फरशीवर ओढले की दोन सेकंदात ह्याचे हात कानांवर जातात. बाकांच्या पायांना रबर लावलं. त्रास बराच कमी झाला. आणि एखाद्या टीचरवर खोटा आळ आला तरी तीच क्लिप तिच्या बाजूने उभी राहते.

भीती आहे ती वेगळीच. ह्याच वर्गात मुलांना शी-शूची सवय लावतात, कपडे बदलतात, मूल जमिनीवर लोळण घेतं. असा व्हिडिओ कुणाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला तर त्या मुलाला बिचाऱ्याला कळणारही नाही की त्याचं काय झालं. म्हणून सगळ्या पालकांच्या मोबाइलवर लाइव्ह फीड, ह्याला माझा ठाम विरोध आहे, कारण माझं मूल बघताना मी बाकीच्यांचीही मुलं बघत असते. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलाचा डेटा वापरायला पालकांची संमती लागते, ती फॉर्मच्या खाली बारीक अक्षरात घेऊन टाकू नये.

जूनमध्ये ॲडमिशन घ्यायला जाल तेव्हा फी विचारताना हेही विचारा, की फुटेज किती दिवस राहतं, कोण बघतं, आणि माझ्या मुलाला काही लागलं तर अर्ज दिल्या दिवशीच त्या दिवसाचं रेकॉर्डिंग वेगळं काढून ठेवाल का. आणि उत्तर लेखी घ्या, शाळेच्या शिक्क्यासकट.