वाटीभर पेट्रोल आणि थर्माकोलचा तुकडा
(हेल्मेटवरच्या स्टिकरचा चिकटा कसा काढायचा, यावर जुळे सोलापुरातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी झालेलं व्याख्यान. बोलण्याचा ओघ राखून लिहून काढलेलं.)

मंडळी, आधी सगळे जरा व्हरांड्यात या. हॉलमध्ये पेट्रोल आणू नका असं सेक्रेटरींनी बजावलंय आणि ते बरोबरच आहे. तर ही घरची स्टीलची वाटी. तिच्यात दोन चमचे पेट्रोल आणि हा टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोलचा तुकडा. आता बघा हं. चर्र आवाज ऐकू येतोय का? बुडबुडे येतायत ती आतली हवा. थर्माकोल म्हणजे बहुतेक सगळी हवाच असते. हवा गेली, आता तळाशी काय उरलं? काडीने उचलून दाखवतो. ही तार निघतेय बघा, पाकासारखी. बोट लावू नका, चिकटेल.

झालं, आत चला.

हा खेळ दाखवायचं कारण तुमच्या डोक्यावर आहे. हेल्मेटच्या आत जे जाड पांढरं किंवा काळं अस्तर असतं ना, ते याच जातीचं. पॉलिस्टायरीन, फक्त जास्त दाबून भरलेलं. डोकं आपटलं की ते स्वतः चेपतं आणि धक्का खातं. बाहेरचं टरफल टणक, आतला गर मऊ. सोलापूरकरांना शेंग समजावून सांगायला नको. आणि नव्या हेल्मेटवरच्या स्टिकरचा डिंक काढायला आपण पहिल्यांदा काय शोधतो? पेट्रोल. म्हणजे चिकटा काढायला जायचं आणि आत नवा चिकटा तयार करून ठेवायचा.

मी आयुष्यभर प्रयोगशाळा सहायक होतो. बाटल्यांना लेबलं लावणं आणि काढणं, निम्मी नोकरी त्यातच गेली. तरी माती खाल्लीच. पुतण्याला हेल्मेट घेतलं होतं. दुकानदाराने किमतीचं लेबल नेमकं काचेवर मारलेलं, तेही मधोमध. तो तुळजापूरला निघालेला, दारात उभा राहून "काका, उरका की लवकर" म्हणतोय. मी आतून नेलपॉलिश रिमूव्हर आणलं, कापसावर घेतलं आणि पुसलं. लेबल निघालं. आणि काच दुधाळ झाली! दुधावर साय धरते ना, तशी. धुतली, पुसली, काही उपयोग नाही. ती पॉलिकार्बोनेटची असते. आपण काच म्हणतो, पण असतं प्लास्टिकच. रिमूव्हरमध्ये असतं ॲसिटोन, आणि ते या प्लास्टिकच्या अंगात शिरून त्याची घडणच बदलतं. रात्री समोरून ट्रक आला की अशा काचेतून नुसता पांढरा भडका दिसतो. नवी काच बसेपर्यंत गाडी घरात. पुतण्या एसटीने गेला. अजून ऐकवतो.

पण काचेचं नुकसान निदान दिसलं तरी. टरफलाचं दिसत नाही, आणि मला खरी काळजी त्याची वाटते. बरीचशी हेल्मेटं एबीएस नावाच्या टणक प्लास्टिकची किंवा पॉलिकार्बोनेटची असतात. गरम प्लास्टिक साच्यात दाबून घडवतात. थंड होताना त्यात थोडा ताण अडकून राहतो. रिव्हेटजवळ, काचेच्या स्क्रूजवळ, कडेला तो जास्त. थिनर, पेट्रोल, ॲसिटोन बरोबर तिथे शिरतात आणि केसाहूनही बारीक तडे पाडतात. वर रंग असतो, म्हणून वरून सगळं चकाचक. फायबरग्लासचं टरफल जरा जास्त सोसतं, पण त्याच्यावरचा रंग आणि आतलं अस्तर सोसत नाही. त्यामुळे "माझं महागाचं आहे" म्हणून थिनर मारायची सूट कुणालाच नाही.

आमचे मेकॅनिक मित्र इथे बसलेत, गालात हसतायत. त्यांचं ठरलेलं वाक्य, "थिनर मारा ओ सर, दोन मिनिटात क्लिअर." पत्र्याच्या टाकीला मारा ना, आणि तिथलाही रंग जाईल ते वेगळं.

आता काढायचं कसं. आधी लेबल ओळखा. कागदाचं असेल तर पाणी आत शिरतं, काम सोपं. चकचकीत प्लास्टिकचं असेल तर वरून कितीही पाणी ओता, आत थेंब जाणार नाही. त्याला ऊब लागते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, ऊन फुकट आहे. हेल्मेट दहा मिनिटं उन्हात ठेवा, डिंक सैल होतो. मग एक कोपरा नखाने उचलायचा आणि स्टिकर त्याच्याच पाठीवर दुमडून ओढायचा, अगदी हळू. आपण चर्रकन ओढतो आणि डिंक मागे राहतो, कारण जितकं जोरात ओढाल तितका हा डिंक घट्ट धरतो. हळू ओढलं तर स्टिकरबरोबर सुटून येतो. चादरीतलं सूत जसं न तोडता काढतात, तो हात हवा.

स्टिकर गेला, चिकटा राहिला. आता पहिली गोष्ट, काच काढून बाजूला ठेवा. आतलं कापडी अस्तर निघत असेल तर तेही काढा. हेल्मेट टेबलावर नेहमीसारखं ठेवा, डोकं घालायची बाजू खाली, म्हणजे पाणी आत ओघळणार नाही. कोमट पाणी घ्या, हात सुखाने बुडेल इतपतच, आणि त्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब. अंगाचा साबण नको. आपल्या बोअरच्या जड पाण्यात तो फेस देत नाही, वर पांढरा साका धरतो. त्यात टॉवेलचा तुकडा बुडवा. टॉवेलला सोलापुरात तोटा नाही, जुना झालेला मऊ टेरीचा घ्या. पिळून चिकट्यावर पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा, सुकला की पुन्हा ओला करायचा. मग अंगठ्याने एकाच दिशेने चोळा. डिंकाच्या बारीक शेवया वळायला लागतात. त्या वळायला लागल्या की समजा जमलं. नखाऐवजी जुनं एटीएम कार्ड चालेल. ब्लेड नको, तारेची घासणी नको, टूथपेस्ट आणि खाण्याचा सोडाही नको, ते सगळे बारीक ओरखडेच आहेत.

बहुतेक चिकटा एवढ्यात निघतो. हट्टी राहिलाच तर खोबरेल. कानाच्या काडीवर थोडंसं, फक्त डिंकावर, कडेला ओघळेल इतकं नाही. दहा मिनिटांत डिंक सुजून मऊ पडतो. पुसा, आणि लिक्विडच्या पाण्याने लगेच धुऊन टाका, तेल ठेवू नका. जानेवारीत, आपल्या गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीच्या दिवसांत तेल बाटलीत गोठलेलं असतं, तेव्हा बाटली उन्हात धरा, हेल्मेट गॅसपाशी नेऊ नका. आणखी एक युक्ती, सेलोटेप. नवी टेप डिंकावर दाबायची आणि उचलायची, पुन्हा दाबायची, पुन्हा उचलायची. चिकट चिकटाला धरतं. काचेवर मी आता एवढंच करतो, टेप आणि साबणाचं पाणी, दुसरं काही लावत नाही. शेवटी आरओच्या पाण्याने पुसतो, नाहीतर बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके उरतात. खिडकीच्या काचेचा निळा स्प्रे मात्र नको. त्यात अमोनिया असला तर काचेवरचा ओरखडे न पडू देणारा थर जातो.

मॅट, म्हणजे बिनचमकीच्या हेल्मेटवाले हात वर करा. बरेच आहेत. तुमचं दुखणं वेगळं. जोरात चोळलं की तेवढीच जागा चमकायला लागते, आणि तेल लागलं की काळपट डाग. तुम्ही फक्त ओला टॉवेल आणि वेळ. एक तासाऐवजी दोन तास जाऊ द्या.

मागच्या बाजूचं आयएसआयचं चिन्ह मात्र काढू नका. काल एकाने स्वच्छतेच्या भरात तेही खरवडलं. आयएस ४१५१ हे दुचाकीच्या हेल्मेटचं मानक, आणि १ जून २०२१ पासून ते चिन्ह नसलेलं हेल्मेट विकताच येत नाही. मोटार वाहन कायदा १९८८चा, त्याचं १२९ कलम हेल्मेट सक्तीचं, आणि त्यातही हेल्मेट मानकाप्रमाणेच हवं. चौकात पोलिसाने अडवल्यावर "साहेब, होतं पण मी पुसलं" असं सांगून बघा.

प्रश्न आले, ते पटापट घेतो. हेअर ड्रायर? चालेल, पण मंद, वीतभर लांबून, सतत हलता. हाताला चटका बसेल इतकं गरम झालं की थांबा, आतलं अस्तर उष्णतेनेही आकसतं. निलगिरीचं तेल? नको काकू, खोबरेल आणि ते एका रांगेत बसवू नका. ते प्लास्टिकमध्ये शिरतं. संत्र्याच्या वासाचे स्प्रे? संत्र्याची साल पिळली की फुगा फुटतो, लहानपणी केलंय ना? तोच रस थर्माकोलही विरघळवतो. रॉकेल? आजोबा, तुमच्याकडे अजून आहे म्हणजे कमाल आहे. नाही.

मागून आलेला प्रश्न खरा अवघड. "मी गेल्या वर्षीच पेट्रोलने पुसलंय, आता काय?" पेट्रोल आत गेलं असेल, अस्तराला खड्डा किंवा चिकटपणा जाणवत असेल, तर ते हेल्मेट टाका, विचारत बसू नका. वरचा रंग पांढुरका पडला असेल किंवा रिव्हेटभोवती बारीक रेघा दिसत असतील, तरी टाका. काहीच दिसत नसेल तर? डोळ्यांनी बघून मी हमी देऊ शकत नाही, आणि कुणी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. माझं असतं तर मी बदललं असतं.

आता चहा आहे, शेंगाचटणी-भाकरीही आहे असं कळलंय. तुम्ही व्हा पुढे. मला आधी ती वाटी साफ करायचीय, थर्माकोलचा गोळा तळाला घट्ट बसलाय आणि वाटी हिच्या सेटमधली आहे. स्टील आहे, तिला पेट्रोल चालतं.